गाठ दुखत नाही म्हणून थांबायचं का? स्तनांची स्वतः तपासणी कशी करायची आणि कुडपणसारख्या गावातून पुढे कुठे जायचं

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत कुडपण आहे. पावसाळ्यातल्या धबधब्यांमुळे आणि धुक्याच्या व्हिडिओंमुळे हे नाव आता बऱ्याच जणांच्या ओळखीचं झालं आहे. पण जो घाटरस्ता पर्यटकाला सुंदर वाटतो, तोच तिथल्या बाईला दवाखान्यापर्यंत पोहोचताना आडवा येतो. साध्या तापासाठीही डोंगर उतरावा लागतो, तिथे मॅमोग्राफीची गोष्टच सोडा.

दर ऑक्टोबरमध्ये, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृतीच्या महिन्यात, मोबाइलवर गुलाबी रिबिनींचे संदेश फिरू लागतात. ‘महिन्यातून एकदा स्वतःची तपासणी करा, कर्करोग टाळा’ असं त्यांत लिहिलेलं असतं. या वाक्याचा दुसरा भाग चुकीचा आहे. तपासणीने कर्करोग टळत नाही. तो असेल तर लवकर लक्षात येऊ शकतो, आणि तोही हाताला काही वेगळं लागल्यावर बाई पुढे काय करते यावर अवलंबून असतं.

न दुखणारी गाठ

स्तनाच्या कर्करोगाची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. सगळी फसगत इथेच होते. कष्टाच्या घरात आजाराचं मोजमाप दुखण्यावरून होतं. कंबर धरली, पाय मुरगळला, ताप चढला तर काम अडतं, म्हणून औषध आणलं जातं. न दुखणारी, काम न अडवणारी सुपारीएवढी गाठ मात्र मागे पडते. आधी लावणी होऊ दे, मग गणपतीला मुंबईची माणसं येऊन जाऊ देत, मग भातकापणी, मग शिमगा. असं करता करता सहा-आठ महिने जातात, आणि या काळात गाठ मात्र कोणासाठी थांबलेली नसते.

उलट पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होणं, ठणकणं अगदी सर्रास होतं आणि त्याचा कर्करोगाशी सहसा संबंध नसतो. म्हणजे ज्याची भीती वाटते ते बऱ्याचदा साधं असतं, आणि ज्याची भीती वाटत नाही ते दाखवायला हवं असतं.

उशिराची किंमत किती, हे आकड्यांत सांगता येतं. भारतातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या रुग्णांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला. कर्करोग स्तनापुरता मर्यादित असताना निदान झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के पाच वर्षांनंतरही हयात होत्या. तो आजूबाजूला, काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला असेल तर हे प्रमाण सुमारे ६५ टक्के होतं. हाडं, फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोहोचलेला असेल तर अवघे १८ टक्के.

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाले, असा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी दिसतो, असं नेहमी सांगितलं जातं. त्याचं एक कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे हेही आहे. पण चाळिशीतल्या बाईला ‘हे म्हातारपणीचं दुखणं’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

तपासणी कशी करायची

माहितीपत्रकांतल्या चित्रात बाई मोठ्या आरशासमोर उभी असते. गावाकडच्या घरात असा आरसा असेलच असं नाही. भिंतीवरच्या छोट्या आरशातही काम भागतं. फक्त उजेड हवा आणि दोन मिनिटं दार लावून घेता यायला हवं. त्यासाठी अंघोळीची वेळ सगळ्यांत सोयीची.

आधी बघायचं. हात खाली सोडून, मग दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, मग कमरेवर हात दाबून छातीचे स्नायू ताठ करून. दोन स्तनांत थोडा लहान-मोठेपणा बहुतेक बायकांना असतोच. तो पहिल्यापासून असेल तर त्यात काही नाही. नवं काय आहे, ते महत्त्वाचं. एका ठिकाणी त्वचा आत ओढली जाऊन खळी पडली आहे का, कातडी जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, पूर्वी बाहेर असलेलं बोंड आत वळलं आहे का, बोंडावर न भरणारी जखम किंवा खपली आहे का. हात वर केल्यावर एक स्तन दुसऱ्यासारखा वर न सरकता अडकल्यासारखा राहिला, तर तेही लक्षात ठेवावं.

मग हाताने चाचपायचं. डावी बाजू उजव्या हाताने आणि उजवी डाव्या हाताने. मधली तीन बोटं जुळवून घ्यावीत. बोटांची टोकं वापरायची नाहीत, टोकाखालचा मऊ, मांसल भाग वापरायचा. चिमटीत धरून बघायचं तर मुळीच नाही, कारण चिमटीत धरलं की कुठलाही स्तन गाठाळच लागतो आणि जीव उगाच घाबरा होतो. साबण लावलेला ओला हात चांगला सरकतो. कष्टाने खरखरीत झालेल्या बोटांना तर त्याची मदतच होते.

तपासायची जागा बऱ्याच जणींना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. वर गळ्याखालच्या हाडापासून खाली स्तन संपतो तिथपर्यंत, आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत. शेतात नांगराची तासं घालतात तसं वरून खाली, खालून वर, एकाला लागून एक अशा पट्ट्यांत जावं, म्हणजे मधली जागा सुटत नाही. प्रत्येक ठिकाणी आधी हलका, मग मध्यम, मग बरगडी लागेल इतका दाब द्यावा. वरच्या, मधल्या आणि खोलवरच्या थरांसाठी हे तीन दाब वेगवेगळे लागतात. काखेजवळच्या वरच्या भागावर जास्त लक्ष द्यावं. स्तनाच्या कर्करोगांपैकी सर्वाधिक तिथे सापडतात. काख तपासताना हात सरळ वर ताणू नये, थोडा खाली सैल ठेवावा. ताणल्यावर तिथली कातडी घट्ट होते आणि आतलं काही लागत नाही.

स्तन मोठे असतील तर रात्री अंथरुणावर पडून पुन्हा एकदा बघणं चांगलं. खांद्याखाली गोधडीची घडी घ्यायची, त्या बाजूचा हात डोक्यामागे ठेवायचा. स्तन छातीवर पसरतो आणि खोलवरचंही हाताला लागतं.

बोंड पिळून बघायची गरज नाही. आपोआप, एकाच बाजूने, रक्तासारखं किंवा पाण्यासारखं काही येत असेल आणि ब्लाउजला डाग पडत असतील तर ते दाखवावं.

पहिल्यांदा हात लावल्यावर बऱ्याच जणींना सगळीकडे गाठीच लागतात. डाळ-तांदळावरून हात फिरवल्यासारखं बारीक बारीक लागणं, स्तनाच्या खालच्या कडेला कडक वळी लागणं, हे स्वाभाविक असतं. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत काही शोधायला जाऊ नये. आपलं शरीर एरवी कसं लागतं, याची फक्त ओळख करून घ्यावी. ती झाली की वेगळं काय आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आसपासच्या भागापेक्षा टणक, जागेला चिकटल्यासारखी, पुढच्या पाळीनंतरही तशीच राहिलेली गाठ दाखवायची. तरुण मुलींत बोटाखालून निसटणारी, गोटीसारखी फिरणारी गाठ बहुधा साधी असते. तरीही ती साधी आहे हे डॉक्टरांनी ठरवावं, शेजारणीने नव्हे.

पाळी येत असेल तर ती संपल्यावर तीन-चार दिवसांत तपासावं. तेव्हा स्तन सैल असतात. पाळी गेलेल्या बायकांनी महिन्याचा एक दिवस ठरवून टाकावा. इंग्रजी तारीख लक्षात राहत नसेल तर संकष्टी आहेच, ती कोणी विसरत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळाला पाजून झाल्यावर बघावं. या काळात एक धोका असतो. लाल होऊन सुजलेला स्तन म्हणजे ‘दूध साकळलं’ असंच सगळे धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण औषधाने आणि शेकण्याने दोन आठवड्यांत उतरलं नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन तसं सांगावं. कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार नेमका असाच दिसतो.

पण याने जीव वाचतात का?

या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘हो’ असं नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

चीनमधल्या शांघाय शहरात १९८९ पासून एक मोठा प्रयोग झाला. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या २ लाख ६६ हजार स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींना स्वतःची तपासणी अगदी नीट शिकवली, सिलिकॉनच्या नमुन्यांवर सराव करून घेतला, पुढची पाच वर्षं अधूनमधून देखरेखीखाली उजळणीही करून घेतली. उरलेल्या निम्म्यांना ही तपासणी शिकवली नाही. २००२ मध्ये अंतिम निष्कर्ष आले. शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने १३५ मृत्यू, न शिकवलेल्या गटात १३१. म्हणजे फरक नाहीच. शिवाय शिकवलेल्या गटात साध्या गाठींसाठी सुया आणि शस्त्रक्रिया जास्त झाल्या. यानंतर अमेरिकेतल्या मोठ्या संस्थांनी दरमहा तपासणीचा आग्रह सोडून दिला.

मग भारतात ती का शिकवावी? कारण इथली सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते. जिथे ठरावीक वयानंतर मॅमोग्राफीचं बोलावणं घरी येतं, तिथे बोटांनी त्यात फार भर पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी स्तनांची तपासणी कधी तरी झालेल्या केवळ ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकही नाही. जिथे दुसरं कोणी बघतच नाही, तिथे बाईला स्वतःला माहीत असणं हीच पहिली पायरी उरते.

हातांनी केलेल्या तपासणीबद्दल सगळ्यांत जवळचा आणि मोठा पुरावा मुंबईतला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. निम्म्या जणींना दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तींनी हाताने तपासलं. या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या, यंत्रही नव्हतं. दुसऱ्या गटाला एकदा माहिती दिली आणि पुढे त्यांची खबर ठेवली. तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यातले, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पायरीचे कर्करोग ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही.

हा पुरावा शिकलेल्या हातांचा आहे, स्वतःच्या हातांचा नाही. दोन्हींची गल्लत करू नये. पण डोंगराळ भागासाठी त्याचा अर्थ मोठा आहे. उपकेंद्रातली नर्स नीट शिकलेली असेल तर सुरुवातीला यंत्रावाचून फारसं अडत नाही. सरकारी कार्यक्रमानुसार ३० वर्षांपुढच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी व्हायला हवी. आशाताई घरोघर जो प्रश्नांचा फॉर्म भरतात, त्यात स्तनातली गाठ, बोंडातून रक्त, आकारातला बदल हे प्रश्न असतात. पुरुषांसमोर, ओटीवर बसून विचारलं तर सगळ्याच जणी ‘नाही’ म्हणणार. हे प्रश्न चुलीपाशी किंवा बचत गटाच्या बैठकीनंतर विचारले, तरच खरं उत्तर मिळायची शक्यता असते.

गाठ लागली, आता पुढे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एक साधं माप दिलं. बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं. पण या मापात घरी गेलेले दिवस धरलेले नाहीत, आणि गावात खरा वेळ तिथेच जातो.

सुरुवात आशाताई किंवा उपकेंद्रापासून करावी, नाहीतर थेट पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. पुढच्या तपासण्यांसाठी महाड, अलिबागचं जिल्हा रुग्णालय, किंवा कशेडी घाट ओलांडून चिपळूणच्या पुढे डेरवणचं वालावलकर रुग्णालय. टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्रही रायगड जिल्ह्यातच येतं, जरी पोलादपूरहून ते सुमारे दीडशे किलोमीटर असलं तरी. मुंबईत चाकरमानी नातेवाईक असतील तर परळ किंवा खारघर बऱ्याच कुटुंबांना सोयीचं पडतं. निदान टेकायला जागा असते. घाटात दरड कोसळून रस्ता बंद होण्याचा धोका पावसाळ्यात असतो. २०२१ च्या जुलैत महाड-पोलादपूरने काय पाहिलं हे तिथल्या माणसांना सांगायला नको. त्यामुळे मे महिन्यात लागलेली गाठ ‘पाऊस संपल्यावर बघू’ म्हणून ठेवणं फार महागात पडू शकतं.

निदान तीन गोष्टींनी होतं: डॉक्टरांनी हाताने तपासणं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गाठीचा छोटा तुकडा सुईने काढून तपासणं. तरुण बायकांचे स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून त्यांना आधी सोनोग्राफी सांगतात. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही भीती गावातही आहे आणि व्हॉट्सअॅपवरही. अशा सुईने आजार बळावतो किंवा रुग्ण लवकर दगावतो, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. काळ्या रंगाची ब्रा किंवा ब्लाउजमध्ये ठेवलेला मोबाइल यांमुळे कर्करोग होतो, यालाही पुरावा नाही.

याउलट खरा धोका फारसा कुणी सांगत नाही. निदान होण्याआधीच ‘गाठ काढून टाकू, मग बघू’ म्हणून छोट्या दवाखान्यात ती कापून घेणं. कर्करोग निघाला तर कुठून किती काढायचं याचा अंदाज चुकलेला असतो आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. आधी सुईची तपासणी, मग शस्त्रक्रिया, हाच क्रम असावा. काही कापलं गेलंच असेल, तर तो तुकडा तपासायला पाठवला का हे विचारून रिपोर्ट जपून ठेवावा.

‘गेलं की स्तन काढतात’ ही आणखी एक भीती. लवकर आलेल्या पुष्कळ बायकांत फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून स्तन राखता येतो. त्यानंतर मात्र काही आठवडे रोज किरणोपचार घ्यावे लागतात, आणि गावाकडच्या बाईला तेच सगळ्यांत कठीण जातं. राहायचं कुठे, गुरांकडे कोण बघणार, मुलांचं काय, हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीच घरात बोलून घेतले तर उपचार अर्धवट सुटत नाहीत. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यावं, आणि दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटावं.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा बाईच्या जवळ गेल्याने तो होत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत साधारण एक पुरुषही असतो, त्यामुळे बोंडामागे गाठ लागलेल्या पुरुषानेही ती लपवू नये.

शेवटी एक अडचण शब्दांची. पोस्टरवर ‘स्तन’ लिहिलेलं असतं, पण बाईच्या तोंडी तो शब्द सहज येत नाही. ती ‘छातीत त्रास आहे’ म्हणते, आणि गर्दीच्या ओपीडीत तिला हृदयाची तपासणी करायला पाठवलं जाऊ शकतं. नर्सबाईंकडे जाऊन ‘अंगावर पाजतो तिथे गाठ आहे, अमुक महिन्यापासून आहे, दुखत नाही’ असं सांगितलं तरी पुरतं. तेवढं बोलायलाही संकोच वाटला तर ती जागा बोटाने दाखवावी, आणि तपासताना स्त्री डॉक्टर किंवा नर्स हजर असावी असं सांगावं. तो तिचा हक्कच आहे.